इंजिनचा ‘मोकळा श्वास’ आणि आपला कंट्रोल ग्रुप

मे महिन्यात दिग्रसला घरी गेलो होतो. मावसभावाने मोबाईल पुढे केला. “दादा, हे पाह्य ना. टाकू का आपल्या गाडीत?” व्हिडिओत एक जण जुना मळलेला एअर फिल्टर काढून लाल कापसाच्या जाळीचा परफॉर्मन्स फिल्टर बसवत होता. पिकअप वाढला, मायलेज लिटरमागे दोन किलोमीटरने वाढलं, आणि धुऊन धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतो, असं त्याचं म्हणणं. खाली शेकडो लोकांचं “आपल्यालाही फरक जाणवला.”

भाऊ पेट्रोल व्हॅन चालवतो, दिग्रसहून दारव्हा आणि पुसदकडे सवाऱ्या नेतो. फिल्टरची किंमत पाच हजारांच्या आसपास सांगत होते. कंपनीचा कागदी फिल्टर काही शे रुपयांत येतो. पाच हजार म्हणजे त्याच्यासाठी गंमत नाही. “तू पीएचडी करतोस ना, मंग सांग.”

माझा विषय इंजिन नाही. पण प्रश्न असा होता, की त्याचं उत्तर शोधताना संशोधन कसं वाचायचं याचा चांगला सराव झाला. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा सराव माझ्यासोबत करून बघा.

आधी दावा वेगळा करा

व्हिडिओत एक नाही, तीन दावे आहेत. ताकद वाढते, मायलेज वाढतं, आणि फिल्टर टिकतो. तिघांना पुरावा वेगळा लागतो. पण बोलणारा ते एका दमात बोलतो, त्यामुळे एक खरा ठरला की उरलेले दोन आपण फुकटात मान्य करून टाकतो. शोधनिबंधांच्या निष्कर्षातही हे होतं. एका गोष्टीचा पुरावा देतात आणि ‘म्हणून’ लिहून दुसरीच गोष्ट सांगतात. पेन घ्या, दावे सुटे लिहा, मग पुढे जा.

फायदा जास्तीत जास्त किती असू शकतो?

पेपर शोधण्याआधी कागदावर एक अंदाज काढायचा. १.२ लिटरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या मारत असेल, तर फोर-स्ट्रोक असल्यामुळे ते दर दोन फेऱ्यांना एकदा पूर्ण हवा भरतं. म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० लिटर, सेकंदाला ६०. एवढ्या प्रवाहावर स्वच्छ कागदी फिल्टरमुळे पडणारा दाबातला फरक साधारण एखाद-दुसऱ्या किलोपास्कलचा. बाहेरचा हवेचा दाब सुमारे १००. म्हणजे फिल्टर पूर्ण काढून फेकला, तरी ताकदीत मिळून मिळणार एक-दोन टक्के, तेही पॅडल तळाला दाबल्यावर. नवा फिल्टर कितीही भारी असो, ‘फिल्टरच नाही’ यापेक्षा मोकळा तो असू शकत नाही.

आता रोजचं चालवणं बघा. सवाऱ्या घेऊन साठच्या स्पीडने जाताना पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो, आणि त्याच्या पलीकडे दाब बाहेरच्या निम्म्यापर्यंत उतरलेला असतो. हवा अडवतो तो थ्रॉटल, आणि तो आपण स्वतः पायाने धरलेला असतो. शेतातल्या पाइपचा कॉक अर्धा बंद ठेवून पुढची चाळणी बदलली, तर पाणी वाढेल का? तसंच हे.

या अंदाजाने काही सिद्ध होत नाही. पण कोणी ‘दहा टक्के वाढ’ म्हणालं, तर त्याच्या मोजणीकडे संशयाने बघायचं, एवढं नक्की कळतं.

२००९ चा अहवाल : काय मोजलं, काय नाही

या विषयावर सगळ्यात जास्त सांगितला जातो तो अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीचा फेब्रुवारी २००९ चा अहवाल. संशोधकांनी फ्युएल इंजेक्शनच्या तीन गाड्या घेतल्या, २००७ ची ब्युइक ल्युसर्न, २००६ ची डॉज चार्जर, २००३ ची टोयोटा कॅमरी, आणि जोडीला कार्ब्युरेटरची एक जुनी गाडी. ठरलेल्या चाचणी-चक्रांवर स्वच्छ आणि चोंदलेल्या फिल्टरचं मायलेज मोजलं.

इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये फिल्टर चोंदला तरी मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. कारण समजायला सोपं आहे. ऑक्सिजन सेन्सर बघून संगणक हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण सांभाळतो. हवा कमी आली, तर पेट्रोलही कमी सोडतो. चालक पॅडल थोडं जास्त दाबतो, थ्रॉटल थोडा जास्त उघडतो, हिशोब जमतो. कार्ब्युरेटरच्या गाडीचं मायलेज मात्र घटलं. पण १०-१५ टक्के घट दिसायला फिल्टर इतका चोंदवावा लागला, की गाडी चालवणंच कठीण झालं. वेग पकडणं मात्र स्वच्छ फिल्टरने सगळ्याच गाड्यांमध्ये सुधारलं.

माझा आक्षेप अहवालावर नाही, तो कसा वापरला जातो त्यावर आहे. ‘परफॉर्मन्स फिल्टर निरुपयोगी आहे हे सिद्ध झालंय’ असं म्हणून लोक हा अहवाल पुढे करतात. अहवालाचा प्रश्न तो नव्हताच. चोंदलेल्या फिल्टरने मायलेज घटतं का, हा त्याचा प्रश्न होता. तिथून ‘जास्त मोकळ्या फिल्टरने मायलेज वाढणार नाही’ इथे येण्यासाठी मधली पायरी आपल्याला स्वतः घालावी लागते : ज्या अडथळ्याने काही हरवतच नाही, तो कमी करून परत काय मिळणार? पायरी मजबूत आहे, मला मान्य आहे. पण ती आपली आहे, अहवालाची नाही. थिसिसमध्ये हा फरक लिहिला नाही, तर व्हायवात अडकाल.

मर्यादाही बघून ठेवा. तीन नव्या गाड्या, तिन्ही पेट्रोल. गावातला बोलेरोवाला याच्यावरून डिझेलबद्दल निष्कर्ष काढू शकत नाही, कारण डिझेल इंजिन थ्रॉटलने हवा अडवून चालत नाही. आणि फिल्टरमधून धूळ किती आत गेली, याबद्दल हा अहवाल काही सांगत नाही. त्यावर पुढे येतो.

मग ‘फरक जाणवला’ तो कुठून आला?

खाली लिहिणारे सगळे खोटं बोलतात असं समजू नका. फरक खरोखर जाणवला असेल. प्रश्न आहे, तुलना कशाशी केली?

व्हिडिओत काढलेला फिल्टर काळामिट्ट होता. त्याच्या जागी नवा परफॉर्मन्स फिल्टर आला आणि गाडी पळाली. पण त्याच जागी काही शे रुपयांचा नवा कागदी फिल्टर टाकला असता तरी पळालीच असती, वेग पकडण्याबद्दल अहवाल तेच सांगतो. इथे कंट्रोल म्हणजे ‘नवा कागदी फिल्टर’ असायला हवा. तोच गायब आहे. हस्तक्षेपाची तुलना सगळ्यात वाईट पर्यायाशी करायची आणि श्रेय सगळ्यात महाग पर्यायाला द्यायचं, ही चूक शेतीच्या प्रयोगांत, शिक्षणाच्या प्रयोगांत, औषधांच्या प्रयोगांत सगळीकडे सापडेल.

दुसरा घोळ ऋतूचा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश, डिसेंबरात दुपारी चांगली हवा, पहाटे तर १५ च्याही खाली. ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन, १५ म्हणजे २८८. त्याच दाबाला थंड हवा जवळपास १० टक्के जास्त दाट. उन्हाळ्यात रडणारी गाडी दिवाळीनंतर फिल्टर बदलून पळायला लागली, तर त्यात फिल्टर किती आणि थंडी किती? एसी बंद झाला तो वेगळाच.

तिसरा घोळ मोजण्याचा. आपण टाकी फुल करत नाही. “पाचशेचं टाक” म्हणतो. शंभराच्या वरचा भाव धरला, तर पाच लिटरसुद्धा येत नाही. आधी टाकीत किती उरलं होतं याचा अंदाज अर्ध्या लिटरने चुकला, की दहा टक्के गेले. १५ च्या मायलेजवर दहा टक्के म्हणजे दीड किलोमीटर. दोन किलोमीटर वाढल्याचा दावा बहुतेक इथेच विरघळतो.

चौथी गोष्ट आवाजाची. मोकळ्या फिल्टरने हवा ओढल्याचा आवाज वाढतो, आणि आवाज वाढला की आपल्याला गाडी जोरात वाटते. त्यात पाच हजार मोजलेले. ‘काही फरक नाही’ म्हणायला जीव होत नाही.

कोणी न विचारलेला प्रश्न : धूळ

ठिबकला स्क्रीन फिल्टर आपण पाणी वाढावं म्हणून लावतो का? कचरा अडावा म्हणून लावतो. एअर फिल्टरचंही काम तेच. पण व्हिडिओत हवेबद्दल दहा वाक्यं, धुळीबद्दल एकही नाही.

फिल्टर किती धूळ अडवतो हे मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११. ठरलेली धूळ ठरलेल्या प्रवाहात सोडायची आणि किती अडली ते वजन करून काढायचं. इथे टक्केवारी फसवते. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. फरक अडीच टक्क्यांचा दिसतो, दोन्ही ‘चांगले’ वाटतात. पण इंजिनाला त्रास देते ती निसटलेली धूळ. शंभर ग्रॅमपैकी एकातून अर्धा ग्रॅम निसटते, दुसऱ्यातून तीन. म्हणजे सहापट. कुठल्याही पेपरमध्ये ९५ च्या वरची टक्केवारी दिसली, की शंभरातून वजा करून बघायची सवय लावा.

आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट. कागदी फिल्टर अगदी नवा असताना सगळ्यात कमी धूळ अडवतो. वर धुळीचा पातळ थर बसला, की तो थरच गाळायला लागतो. गॅरेजात दर पंधरा दिवसांनी कॉम्प्रेसरने फिल्टर फुंकून घेणारे आपल्याकडे खूप आहेत. त्यात हा थर तर जातोच, कधी कागदही फाटतो.

तेल लावलेल्या कापसाच्या जाळीत कल्पना वाईट नाही. जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल-बाथ एअर क्लीनर तुम्ही पाहिला असेल. तिथेही धूळ तेलातच पकडतात. पण जाळी धुऊन पुन्हा तेल लावायचं काम माणसाचं. तेल कमी पडलं तर कोरड्या जागेतून धूळ जाते, जास्त झालं तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर आहे, तिथे त्याच्यावर जाऊन बसू शकतं. ‘आयुष्यभर टिकतो’ या वाक्यात हे काम धरलेलं नसतं.

इथे चाचणीलाही एक प्रश्न विचारायला हवा. प्रमाणित धुळीला ‘ॲरिझोना डस्ट’ म्हणतात. तिचा मोठा भाग सिलिका, म्हणजे लोखंड घासून काढणारा कठीण कण. आपली काळी माती बेसाल्टची, बारीक चिकणमातीची. अधिक रस्त्याच्या कामाची गिट्टी, मुरूम, बांधकामाची रेती. अरुणावतीच्या काठच्या कच्च्या रस्त्यावरून उडणारी धूळ ॲरिझोनाच्या धुळीसारखी वागेल का? प्रमाणित धुळीमुळे दोन फिल्टरची आपसात तुलना करता येते. आपल्या रस्त्यावर इंजिन किती वर्षं टिकेल, हे त्यातून थेट निघत नाही. हा प्रश्न कोणाला एमटेकसाठी घ्यायचा असेल, तर खुशाल घ्या.

भावाला काय सांगितलं

“टाकू नको. कंपनीचा कागदी घे, वेळेवर बदल. आपल्याकडे धूळ जास्त, तर पुस्तकात दिलंय त्याच्या आधीच बदल. आणि कॉम्प्रेसरने फुंकू नको.” इंजिनात मोठे बदल केलेली, शर्यतीत पूर्ण थ्रॉटलवर पळणारी गाडी असेल, तर एक-दोन टक्क्यांनाही मोल आहे आणि इंजिन वारंवार उघडलंही जातं. सवाऱ्यांच्या व्हॅनला दोन्ही लागू नाही.

तो म्हणाला, “पण इतक्या लोकांना फरक जाणवला ना?” मी त्याला विचारलं, “त्यांच्यातल्या किती जणांनी आधी नवा कागदी टाकून पाहिला?” तो जरा थांबला, मग हसला.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही कुठेतरी एक ‘फरक जाणवला’ बसलेला असेल. त्याच्यासमोर हाच प्रश्न लिहून ठेवा, आणि गाईडने विचारायच्या आधी उत्तर शोधा.