चित्राला आवाज कुणाचा? ॲनिमे, मूळ जपानी आणि डब



करमाडला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर जपानी कार्टूनवर बोलणार म्हटल्यावर थोडी कुजबुज होणारच, ती होऊ द्या. पुढच्या रांगेतल्या मुलांना मात्र माहीत आहे की ॲनिमे बघणाऱ्यांमध्ये एक जुनं भांडण आहे. मूळ जपानीत बघायचं, की डब केलेलं? व्हिडिओ कॅसेटच्या काळात हे भांडण खिशाचंही होतं. अमेरिकेत डब केलेली कॅसेट वेगळी आणि सबटायटलवाली वेगळी विकत, आणि सबटायटलवाली बहुधा महाग असायची. मग डीव्हीडी आली, एकाच तबकडीवर आठपर्यंत ध्वनिपट्टे मावायला लागले. बटण दाबा, भाषा बदला. भांडण तिथेच मिटायला हवं होतं, पण ते मिटलं नाही. म्हणजे ते नुसतं सोयीचं नव्हतं, 'मूळ' या कल्पनेचं होतं. आणि तिथे मला बोलायला जागा आहे.

मूळ जपानीचा आग्रह धरणारे म्हणतात, मूळ आवाज तोच खरा आवाज. हाडामांसाच्या नटाबद्दल मी हे लगेच मान्य करीन. डॉ. श्रीराम लागूंचा आवाज काढून तिथे दुसऱ्याचा घातला, तर त्या माणसाचाच एक तुकडा आपण कापलेला असतो. पण चित्राला घसा कुठे असतो? जपानमध्येही बहुतेक वेळा चित्रं आधी होतात, निदान त्यांचा कच्चा आराखडा तरी, आणि मग कलाकार पडद्याकडे बघून आवाज देतात. तिकडे याला 'आफुरेको' म्हणतात. १९८८चा 'अकिरा' हा गाजलेला अपवाद, तिथे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले होते. एरवी नोबिताचा जपानी आवाजदेखील बाहेरून आणूनच त्याच्या तोंडी बसवलेला असतो.

आपल्याला हे नवं वाटायला नको. पैठणच्या नावाने जी चित्रकथी ओळखली जाते, पिंगुळीला जी अजून सादर होते, तिच्यात एक माणूस चित्र पुढे धरतो आणि रामाचं, रावणाचं, सीतेचं, सगळ्यांचं तोच बोलतो. जपानमध्ये रस्त्यावर चित्रांच्या पाट्या दाखवून गोष्ट सांगणारे होते, त्याला 'कामिशिबाई' म्हणत. मूकपटाच्या शेजारी उभं राहून बोलणारे 'बेन्शी' होते. रावणाचा मूळ आवाज कोणता, हे चित्रकथ्याला कुणी विचारलं नसेल.

मूळ कशाला म्हणायचं, याची सगळ्यात मजेदार परीक्षा आपल्याच घरातली आहे. युगो साको या जपानी माणसाने आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन रामायणावर ॲनिमे चित्रपट केला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो पुरा झाला. कथा संस्कृत, चित्रं जपानची, आणि संवाद आधी केले इंग्रजीत! नंतरच्या हिंदी डबमध्ये रामाला आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरींचा. पुढे २४ जानेवारी २०२५ला हाच चित्रपट पुन्हा थिएटरात आला तो नव्या हिंदी डबसह, आवाज बदललेले. ज्यांनी लहानपणी तो टीव्हीवर पाहिला होता, त्यांना चुकल्यासारखं वाटणं साहजिक आहे. पण बघा, ज्या आवाजाला ते मूळ समजत होते तोही डबच होता. आधी कानावर पडलं त्याला आपण मूळ म्हणतो. ही सवय आहे. सवयीला किंमत नसते असं नाही, पण तिला सत्य म्हणायचं कारण नाही.

मग काय, कुठलाही डब चालेल? नाही. इथे मी मूळवाद्यांच्या बाजूला जातो, पण कारण वेगळं आहे. जपानीत जे जातं ते आवाजापेक्षा बोलण्यातल्या नात्यांचं जातं. कोण स्वतःला काय म्हणवतं, समोरच्याला काय म्हणतं, यात जपानी माणूस अर्धी गोष्ट सांगून टाकतो. शिनचॅन स्वतःला 'ओरा' म्हणतो. गोकूही तेच म्हणतो. हा 'मी' गावाकडचा, रांगडा आहे. इंग्रजीत दोघंही 'आय'. संपलं.

२०१६च्या 'किमी नो ना वा'मधला एक प्रसंग सांगतो. गावातली मित्सुहा ही मुलगी टोकियोतल्या ताकी या मुलाच्या शरीरात जागी होते. शाळेच्या गच्चीवर त्याच्या मित्रांशी बोलताना ती स्वतःला 'वाताशी' म्हणते. मित्र चमकतात. ती 'वाताकुशी' म्हणून बघते, मग 'बोकू', आणि शेवटी 'ओरे' म्हटल्यावर मित्रांच्या माना हलतात. चारही शब्दांचा अर्थ एकच, 'मी'. इंग्रजी भाषांतरकाराने इथे काय करावं? त्याच्या भाषेत ही गंमत ठेवायला कप्पाच नाही.

आता हाच प्रसंग मराठीत करून बघा. मित्सुहा म्हणेल, "मी रस्ता चुकले." मित्र बघत राहतील. ती गडबडून म्हणेल, "चुकलो… मी चुकलो." झालं काम! सर्वनाम तेच राहिलं, क्रियापदाने सगळं केलं. हिंदीतही हे जमतं. जपानी पडद्यावर जे घडतं ते आपल्या व्याकरणात असं अलगद बसतं. 'सान' गळून नुसतं नाव उरतं तेव्हा काय बदललं, हे ज्या घरात 'अहो'चं 'अरे' झालेलं आहे त्या घराला समजावून सांगावं लागत नाही. शिक्षकाला तोंडावर 'तुम्ही' न म्हणता नुसतं 'सर' म्हणणं आपण रोज करतो. जपानी मुलं 'सेन्सेई' म्हणतात ते तसंच.

आमची मुलं अभिमानाने सांगतात, "आम्ही ओरिजिनल बघतो." बहुतेकदा ती जपानी ऐकतात आणि खाली इंग्रजी वाचतात. कान टोकियोत, डोळे लंडनात. जपानी येत नसेल तर अर्थ मिळतो तो इंग्रजीतून, म्हणजे नात्यांचे सगळे पदर सपाट झाल्यावर. आणि काही डीव्हीडींवर तर सबटायटलसुद्धा मूळ संवादांचे नसतात, इंग्रजी डबची संहिताच खाली चिकटवलेली असते. ओरिजिनल म्हणून तुम्ही डबच वाचत असता.

हिंदी डबला नाक मुरडणाऱ्यांनी एक तुलना करावी. २०१४ मध्ये अमेरिकेत डोरेमॉन गेला तेव्हा नोबिताचा 'नॉबी' झाला आणि शिझुकाची 'सू'. आपल्या हिंदीत नोबिता नोबिताच राहिला. दोरायाकीचा 'डोरा केक' झाला, तेवढं चालायचंच.

डब फसवू शकतो, हेही खरं. मियाझाकींचा 'नाउशिका' १९८५ मध्ये अमेरिकेत वीसहून अधिक मिनिटं कापून, नाव बदलून दाखवला. पुढे 'प्रिन्सेस मोनोनोके'च्या वेळी त्यांच्या निर्मात्याने अमेरिकी वितरकाला एक जपानी तलवार पाठवली, निरोप एवढाच की कापाकापी नको. आपल्याकडे २००८ मध्ये शिनचॅनवर बंदी आली आणि नंतर तो काटछाट होऊन परतला. प्रेक्षकाकडे मूळ पट्टाही असावा तो यासाठी, ताडून बघायला.

उलट, डब भर घालतो तेव्हा? १९८९चं जपानी 'जंगल बुक' १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आलं. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत, शेरखानला आमच्या नाना पाटेकरांचा आवाज. ते गाणं जपानी मालिकेत नाहीच. किपलिंगची गोष्ट मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलातली, ती जपानला जाऊन घरी आली आणि येताना गाणं घेऊन आली. ते गाणं काढून टाका म्हणणारा मूळवादी मला अजून भेटलेला नाही.

या सगळ्यात मराठी कुठे आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये 'डिमन स्लेअर'चा 'इन्फिनिटी कॅसल' भारतात लागला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठीत नाही. परवडत नाही, असं उत्तर येतं. १९३२ मध्ये कोल्हापुरात प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला, तेव्हा कुठे परवडत होतं? इथे तर चित्रं तयार आहेत. फक्त आवाज द्यायचाय.

बांगलादेशात २०१३ मध्ये सरकारने हिंदी डोरेमॉन बंद केला, कारण मुलं हिंदी बोलायला लागली होती. बंदी मला पटत नाही. पण आपल्या घरात तेच होतंय आणि आपण त्याला मुलांची हुशारी म्हणतो. नातू हिंदीत बघतो किंवा इंग्रजीत वाचतो, शेजारी बसलेल्या आजीला दोन्ही नीट येत नाही, आणि ती उठून आत जाते. रांगड्या 'ओरा'ला शोभेल असं 'मपलं' तिच्या तोंडात रोज असतं. मराठी शिनचॅनची संहिता लिहायला कुणी बसलंच, तर त्याने आधी तिला दोन तास बोलतं करावं, आणि तिचं ऐकताना ते प्रमाण मराठीत सुधारून घेऊ नये.

आता प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतून.