राग येतो, राग धरतो: भावनांविषयीच्या समजुती मोजताना

आज आम्ही बोलणार आहोत एका मोजपट्टीविषयी. मोजपट्टी लहान आहे, चारच विधानांची. 2007 मध्ये माया तामीर, ऑलिव्हर जॉन, संजय श्रीवास्तव आणि जेम्स ग्रॉस यांनी ती वापरली, स्टॅनफर्ड विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या मुलांवर. बुद्धी ठरलेली असते की वाढवता येते, याविषयी लोक काय मानतात हे कॅरोल ड्वेक यांनी आधी तपासलं होतं. तोच प्रश्न या चौघांनी भावनांकडे वळवला. भावना बदलता येतात असं मानणारी मुलं पहिल्या वर्षाच्या अखेरीस मनाने अधिक स्वस्थ आणि कमी एकाकी आढळली. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, तो आम्ही नाकारत नाही.

मग यवतमाळात बसून त्याचा कीस का काढायचा? कारण मनाविषयीचे प्रश्न आता आपल्या दारात येतात. शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या घरी प्रश्नावली घेऊन गेल्या. ते प्रश्न लक्षणांचे होते, समजुतींचे नव्हते. पण उद्या कुणी संशोधक ही चार विधानं मराठीत उतरवून घाटंजी, मारेगावकडे आणणारच. तेव्हा काय होईल, ते आजच पाहू.

चारपैकी दोन विधानं भावना ‘बदलण्या’विषयी आहेत, दोन त्या ‘ताब्यात’ ठेवण्याविषयी. एकाच पिशवीत दोन धान्यं! आणि इथे मराठी आपल्याला थांबवते. आपण म्हणतो, ‘मला राग आला’, ‘तिला रडू आलं’, ‘त्याला काळजी लागली’. वाक्याचा कर्ता राग आहे, रडू आहे, काळजी आहे. आपण नुसते उंबरठ्यावर उभे. (‘मी रागावलो’ असंही आपण म्हणतो, हे कबूल. भाषा कधी इतकी नीटनेटकी नसते.) पण त्याच रागाचं पुढे काय होतं? तो आपण ‘धरतो’, ‘गिळतो’, ‘सोडतो’. आता कर्ते आपण झालो. येणं आपल्या हातात नाही, धरणं-सोडणं थोडंफार आहे. आपली बोली हा भेद रोज करते. त्या चार विधानांत तो नाही.

समजा, एका बाईला विचारलं, ‘माणसाला आपल्या भावना बदलता येतात का?’ ती म्हणेल, ‘आपल्या हाती काय हाये जी?’ पुढच्या विधानाला म्हणेल, ‘शिकलं तं ताबा ठेवता येते.’ दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण गुणांची सरासरी काढली की ती बाई बरोबर मधोमध येऊन बसते, जणू तिचं काही मतच नाही. आम्हांला विचाराल तर तिचं मत त्या मोजपट्टीपेक्षा बारीक आहे.

‘आपल्या हाती काय हाये’ हे वाक्य तर आणखी जपून ऐकायला हवं. ते मनाविषयी आहे की कापसाच्या भावाविषयी? स्टॅनफर्डच्या मुलाची बेचैनी परीक्षेनंतर उतरते. कर्ज आणि पाऊस यांनी आलेली काळजी मनाची समजूत घातल्याने किती उतरणार? तिचं उत्तर परिस्थितीचं अचूक वर्णन असू शकतं. त्याला आपण ‘चुकीची समजूत’ म्हणून गुण दिले, तर काळजीचा दोष काळजी करणाऱ्याच्याच माथी मारला. ही साधी तांत्रिक चूक नव्हे.

दुसरी बाजू ‘मन मारण्या’ची. आयुष्यभर मन मारत आलेली बाई ‘ताबा ठेवता येतो’ याला ठामपणे हो म्हणेल आणि तिला भरपूर गुण मिळतील. प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहणं आणि आलेलं आतल्या आत दाबणं, हा फरक याच ग्रॉस यांनी इतरत्र काटेकोरपणे केला आहे. या चार ओळींत मात्र दोन्हींना एकच ‘हो’.

तत्त्वज्ञानातल्या जुन्या माणसांना ही अडचण ठाऊक होती. स्पिनोझाच्या मते एक भावना दूर होते ती तिच्याविरुद्ध असलेल्या, तिच्याहून बलवान भावनेने. म्हणजे भावना बदलते, पण नुसत्या इच्छेने नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला वाऱ्यासारखं अनावर म्हणतो, तर कृष्ण त्याला खोडून काढत नाही. कठीण आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य सांगतो. या दोघांना पाच चौकटींपैकी कुठे खूण करायला लावाल? कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवलेली एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धतीही विचार बदलण्याच्या मेहनतीवर उभी आहे, नुसत्या ‘बदलतं’ या विश्वासावर नाही.

मोजूच नये, असं आमचं म्हणणं नाही. 2013 मध्ये डी कास्टेला आणि सहकाऱ्यांनी विधानांतला ‘लोक’ काढून ‘मी’ घातला, आणि माणसाच्या मनःस्वास्थ्याचा अंदाज अधिक चांगला आला. एका शब्दाने एवढं होतं, तर क्रियापदाने किती होईल! शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. यात समजूत बदलली, की गावात विचारपूस करणारं माणूस आलं? बहुधा दोन्ही. समजुतीचे प्रश्न नीट विचारले, तरच ते वेगळं करता येईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ‘भावना’ हा शब्द प्रश्नातून काढा, तो पुस्तकी आहे. ‘मागच्या वेळी राग आला तेव्हा काय केलं? किती वेळ राहिला? गेला तो कशाने?’ असं विचारा. काळजीचं वेगळं विचारा, कारण रागाला लागू पडतं ते काळजीला पडेलच असं नाही. उलट्या विधानांना ‘असहमत’ म्हणवून घेऊ नका. ‘नाही’ला ‘नाही’ म्हणताना शिकलेला माणूसही अडखळतो, आणि दारात आलेल्या ताईला तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. छापण्याआधी दहाबारा जणींना विचारा की प्रश्नाचा अर्थ त्यांनी काय घेतला. काम एका हंगामाचं आहे. फक्त वेचणीच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा कोणी घरी सापडत नाही.