आठव्या ज्युररच्या पाठीशी कोण होतं?

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा सिनेमा माझ्या पिढीतल्या बऱ्याच इंजिनिअरांनी थिएटरात किंवा फिल्म सोसायटीत नाही, तर ट्रेनिंग रूममध्ये पाहिलाय. तोही तुकड्यातुकड्यांत. प्रोजेक्टरवर क्लिप लागते, अकरा हात वर जातात, हेन्री फोंडाचा हात खाली राहतो, क्लिप थांबते. ट्रेनर विचारतो, “सांगा, या माणसाकडे कोणते गुण आहेत?” मग व्हाइटबोर्डवर शब्द पडायला लागतात. धैर्य. संयम. ऐकून घेण्याची तयारी. कोणीतरी ‘असर्टिव्ह’ म्हणतंच. जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा ज्यांना झेपणार नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी बासू चॅटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ असतो. सिनेमा बदलतो, बोर्डवरचे शब्द तेच.

मला हे दोन्ही सिनेमे मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांच्या या वाचनाचा राग येतो. ‘एक विरुद्ध अकरा’ ही गोष्ट आपण एका माणसाच्या स्वभावाची गोष्ट म्हणून ऐकतो. सिनेमात मात्र ती तशी घडत नाही.

रेजिनाल्ड रोझनं हे नाटक १९५४ साली अमेरिकन टीव्हीसाठी लिहिलं. सिडनी लुमेटचा सिनेमा १९५७ चा. एका मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे आणि बारा अनोळखी माणसं एका उकडणाऱ्या खोलीत बसून तो दोषी आहे का ते ठरवतात. पहिल्या मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणतात. आठवा ज्युरर ‘निर्दोष’ म्हणतो, पण लगेच सांगतो की मुलगा निर्दोष आहे याची आपल्याला खात्री नाही. आपल्याला ठाऊक नाही, एवढंच. एका पोराला मरायला पाठवण्याआधी थोडं बोलू या, एवढीच त्याची मागणी.

आता हे वाक्य तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये टाकून बघा. ‘मला खात्री नाही, थोडं बोलू या.’ काय होईल? कोणीतरी म्हणेल, “ठीक आहे, ते आपण ऑफलाइन घेऊ,” आणि पुढचा मुद्दा येईल. आठव्या ज्युररचं तसं होत नाही, कारण त्या खोलीत निकाल एकमतानंच द्यायचा आहे. अकरांना तो आवडो न आवडो, त्याच्याशिवाय त्यांना दाराबाहेर पडता येत नाही. सातव्या ज्युररच्या खिशात बेसबॉल मॅचची तिकिटं आहेत. तो फोंडाचं ऐकतो ते फोंडा थोर आहे म्हणून नाही, ऐकल्याशिवाय सुटका नाही म्हणून. पुढे तर तो निव्वळ कंटाळून मत बदलतो, आणि अकरावा ज्युरर त्याला त्याबद्दल झापतो. माझ्या मते हा सिनेमातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे. ट्रेनिंगमध्ये तो कधी दाखवत नाहीत.

नियम एवढ्यावरच थांबत नाहीत. खोलीत कोणी कोणाचा बॉस नाही. एक नंबरचा ज्युरर फोरमन आहे, पण त्याचं काम मतं मोजणं. या माणसांना एकमेकांची नावंसुद्धा माहीत नाहीत, आठवा आणि नववा आपापली नावं सांगतात ती अगदी शेवटी, कोर्टाच्या पायऱ्यांवर. उद्या यांच्यापैकी कोणी कोणाचं अप्रेझल लिहिणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कायदा ‘मला माहीत नाही’ या उत्तराला ‘नाही’ची किंमत देतो. सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर आहे, शंका घेणाऱ्यावर नाही.

मग येते चिठ्ठी. आठवा ज्युरर म्हणतो, गुप्त मतदान घ्या, मी मत देत नाही, अकराही चिठ्ठ्यांवर ‘दोषी’ असेल तर मी तुमच्याबरोबर. एक चिठ्ठी वेगळी निघते. ती नवव्याची, म्हाताऱ्याची. हात वर करताना जे जमलं नाही ते कागदावर जमलं. सॉलोमन अ‍ॅशनं १९५०च्या दशकात रेषांच्या लांबीचे प्रयोग केले होते. खोलीतले सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात तेव्हा समोर दिसत असूनही बरेच जण कधी ना कधी गटाच्या मागे जातात. पण बरोबर उत्तर देणारा एकच सोबती मिळाला की हे मागे जाणं झपाट्यानं कमी होतं. फोंडानं धैर्य दाखवलं हे खरंच, पण त्याला सोबती मिळाला तो एका साध्या प्रक्रियेतून.

सिनेमा इथे थोडी लबाडीही करतो. आठवा ज्युरर खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलात खुपसतो, तो त्यानं स्वतः बाहेर जाऊन विकत घेतलेला. खऱ्या ज्युररला असला स्वतंत्र तपास करायला परवानगी नसते, उघडकीला आलं तर खटला नव्यानं चालवावा लागू शकतो. शिवाय लेखक त्याच्या बाजूला आहे. त्यानं ज्या पुराव्याला हात लावावा तो डळमळतो. प्रत्यक्षात शंका घेणारा दहातल्या सात वेळा चुकीचा असू शकतो, आणि तरीही त्याला विचारायला जागा हवी असते. तशी गोष्ट सांगणं जास्त अवघड होतं. रोझ त्या वाटेला गेला नाही.

‘एक रुका हुआ फैसला’ १९८६ चा. के. के. रैना आठवा ज्युरर, पंकज कपूर तिसरा, अन्नू कपूर म्हातारा. पंकज कपूरचा आरडाओरडा काहींना नाटकी वाटतो, मला तो शेवटाकडे पटत जातो. गंमत वेगळीच आहे: हा सिनेमा आला तेव्हा भारतात फौजदारी खटल्यांत ज्युरी उरलीच नव्हती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. प्रेक्षकांनी हे मनावर घेतलं नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. आपल्यासाठी ती खोली कोर्टाची राहिलीच नाही, ती एक मीटिंग झाली. मीटिंग झाल्यावर नियम गळून पडले आणि माणसांचे स्वभाव तेवढे उरले. ट्रेनिंग रूमपर्यंतचा रस्ता इथून सरळ आहे.

आणि मुंबईत खरी ज्युरी होती तेव्हाचं काय? नानावटी खटला सगळ्यांना ‘रुस्तम’मुळे माहीत असतो. १९५९ साली सेशन्स कोर्टात नऊ जणांच्या ज्युरीनं कमांडर नानावटींना निर्दोष ठरवलं. आठ विरुद्ध एक. तो नववा माणूस कोण होता, त्यानं आत काय युक्तिवाद केला, यावर कोणी सिनेमा काढलेला नाही, कारण त्याच्या मतानं ज्युरीचा निकाल अडत नव्हता. आपल्याकडे एकमत लागत नसे, बहुमत चाले. आपला आठवा ज्युरर मुंबईत बसला असता तर पाचव्या मिनिटाला सगळे घरी गेले असते. पण त्याच कायद्यात दुसरी खिडकी होती. ज्युरीचा निकाल न पटलेल्या न्यायाधीशाला खटला हायकोर्टाकडे पाठवता येत असे. न्यायाधीश मेहतांनी तो पाठवला, आणि हायकोर्टानं नानावटींना दोषी ठरवून जन्मठेप दिली. गट चुकेल हे गृहीत धरून कोणीतरी आधीच दार करून ठेवलं होतं.

जिथे असं दार नव्हतं तिथे काय झालं, त्याची मला माहीत असलेली सगळ्यात नीट नोंदवलेली गोष्ट १९८६ चीच आहे. २७ जानेवारीच्या संध्याकाळी तीन ठिकाणची माणसं एका फोन कॉलवर होती: युटामधली मॉर्टन थायोकोल कंपनी, जिनं चॅलेंजर यानाचे बूस्टर बनवले होते, अलाबामातलं नासाचं मार्शल सेंटर, आणि फ्लोरिडातलं केनेडी सेंटर. दुसऱ्या दिवशी उड्डाण होतं आणि रात्रभर गोठवणारी थंडी पडणार होती. बूस्टरच्या सांध्यांमधल्या रबरी ओ-रिंग्ज थंडीत कडक होतात, वेळेवर फट बुजवत नाहीत, ही इंजिनिअरांची भीती. तोवरचं सगळ्यात थंड उड्डाण ५३ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १२ सेल्सियसला झालं होतं, आणि त्यात रिंगांपलीकडे गरम वायू गळल्याच्या खुणा दिसल्या होत्या. रॉजर बॉइसजोली आणि त्याच्या सहकाऱ्यांची शिफारस स्पष्ट होती: ५३ च्या खाली उडवू नका.

नासाच्या अधिकाऱ्यांना हे आवडलं नाही. मग एप्रिलपर्यंत थांबायचं का, अशा अर्थाचं एकानं विचारलं. थायोकोलनं पाच मिनिटं मागून घेतली आणि फोन म्यूट केला. पाच मिनिटांची साधारण तीस झाली. बॉइसजोली आणि आर्नी थॉम्पसन या दोघांनी पुन्हा एकदा फोटो आणि आकृत्या मांडल्या. मग ठरलं की आता मॅनेजमेंटनं निर्णय घ्यायचा. खोलीतल्या चार वरिष्ठांनी मतं दिली. त्यातला एक, इंजिनिअरिंगचा उपाध्यक्ष, अडखळत होता. त्याला सांगण्यात आलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. इंजिनिअरांना मत विचारलंच नाही. फोन अनम्यूट झाला तेव्हा शिफारस उलटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी यान उडालं आणि ७३ सेकंदांनी फुटलं. सात जण गेले.

ही गोष्ट बहुतेकदा ‘शूर इंजिनिअर विरुद्ध भित्रे मॅनेजर’ अशी सांगितली जाते. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी १९९६ च्या आपल्या जाडजूड पुस्तकात ही सोपी मांडणी नाकारली. त्यांच्या मते त्या रात्री कोणी नियम मोडून काही केलं नाही. अडचण ही की मागच्या अनेक उड्डाणांत रिंगा थोड्या थोड्या जळत होत्या, यान परत येत होतं, आणि प्रत्येक वेळी ‘एवढं चालतं’ची रेघ जरा पुढे सरकत होती. प्रॉडक्शनमध्ये रोज येणारा एखादा अलर्ट आपण म्यूट करतो, तसंच काहीसं. मला वॉन यांचं म्हणणं बरंचसं पटतं, फक्त त्या तीस मिनिटांत कोणाला मत होतं आणि कोणाला नव्हतं यावर मी त्यांच्यापेक्षा जास्त अडतो.

बॉइसजोलीनं नंतर साक्षीत सांगितलेली एक गोष्ट या दोन्ही कथांना जोडते. एरवीच्या बैठकांत यान उडवणं सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागे. त्या रात्री असुरक्षित आहे हे सिद्ध करा असं त्यांच्याकडे मागितलं गेलं. ते पूर्णपणे सिद्ध करता येत नव्हतं, कारण तेवढ्या थंडीत कोणी कधी यान उडवलंच नव्हतं. त्यांच्याकडे होतं ते आठव्या ज्युररकडे होतं तेच: खात्री नाही. ज्युरीच्या खोलीत या उत्तरानं माणूस वाचला. फोन कॉलवर तेच उत्तर होकारात मोजलं गेलं.

मी ज्या रिलीज कॉल्सवर बसतो तिथे कोणी मरत नाही, हे आधीच मान्य. पण रचना ओळखीची आहे. मागे एकदा अशाच कॉलवर नुकत्याच लागलेल्या एका मुलीनं सांगितलं की लोड टेस्टचे आकडे तिला विचित्र वाटतायत, पण नक्की कारण सापडलेलं नाही. मॅनेजर म्हणाला, “ब्लॉकर आहे का? हो की नाही?” ती म्हणाली, “सांगता येत नाही.” मिनिट्समध्ये आलं: ‘कोणाचीही हरकत नाही.’ रात्री दोनला रोलबॅक करावा लागला. तिच्या वार्षिक फीडबॅकमध्ये लिहिलं होतं की हिनं आपलं म्हणणं अधिक ठामपणे मांडायला शिकावं. तिला एका वर्कशॉपला पाठवण्याची शिफारस होती. तिथे कोणता सिनेमा दाखवतात ते तुम्ही ओळखलं असेलच. कॉलचा फॉर्म मात्र जसाच्या तसा राहिला. त्यात आजही दोनच खाने आहेत.

बोर्डवरच्या त्या शब्दांचा मला राग का येतो, ते इथे आहे. गुणांची यादी केली की दोष आपोआप गप्प बसणाऱ्याच्या स्वभावात जाऊन बसतो.

आपल्याकडे एक मराठी नाटक आहे जे ट्रेनिंगमध्ये कधीच दाखवणार नाहीत. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. तिथेही एक विरुद्ध सगळे, तिथेही कोर्ट, फक्त ते खेळातलं. लीला बेणारेकडे बोर्डवरचे अर्धेअधिक शब्द आहेत. ती हुशार आहे, बोलकी आहे, घाबरट तर मुळीच नाही. त्याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण त्या कोर्टाचा प्रत्येक नियम गटाला हवा तेव्हा वाकतो. न्यायाधीश झालेला काशीकर मध्येच स्वतः उठून साक्ष द्यायला पिंजऱ्यात जातो! तिला बचावासाठी दहा सेकंद मिळतात. तिचं प्रसिद्ध स्वगत आपण ऐकतो, स्टेजवरच्या इतरांच्या कानापर्यंत ते पोचत नाही. मिनिट्समध्ये ते आलं नसतं.

लुमेटच्या सिनेमाकडे परत गेलं की शेवट आता वेगळा दिसतो. अकरा विरुद्ध एक तेव्हाही आहे, फक्त एकटा आता तिसरा ज्युरर आहे. खोली त्याच्याकडे टक लावून बघत राहते. तो ओरडतो, मुलाचा फोटो फाडतो, रडत मत बदलतो. आपल्याला बरं वाटतं, कारण तो चुकीचा आहे हे आपल्याला पटलेलं असतं. पण त्याच्यावरचा दाब पहिल्या मतदानातल्या दाबाहून फार वेगळा नाही. एवढंच की त्याच्याजवळही तोच नियम होता. तो अडून बसला असता तर निकाल झाला नसता, आणि दुसरी ज्युरी बसवावी लागली असती. लुमेट त्याला ती संधी देतो आणि मग त्याला मोडताना दाखवतो. क्लिप थांबवायचीच तर मी इथे थांबवेन.

चॅलेंजरच्या कॉलवर केनेडी सेंटरमध्ये थायोकोलचा अ‍ॅलन मॅकडोनाल्ड बसला होता. उड्डाणाच्या संमतीवर सही करायला त्यानं नकार दिला. काही अडलं नाही, सही युटाहून दुसऱ्यानं केली आणि फॅक्सनं पाठवली. पुढे चौकशी आयोगासमोर तो खरं बोलला तेव्हा कंपनीनं त्याला बाजूला टाकलं. मग अमेरिकन काँग्रेसमधून कंपनीची सरकारी कंत्राटं रोखण्याची धमकी आली. मॅकडोनाल्डला जागा परत मिळाली, आणि बूस्टरचे ते सांधे नव्यानं बनवण्याचं काम त्याच्याच हाताखाली झालं. बॉइसजोली मात्र कंपनीत टिकला नाही.