ओळखणे आणि ऐकणे : शिक्षक-प्रशिक्षणामागील एका गृहीतकाची चिकित्सा

प्रास्ताविक

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशातील सर्व शिक्षणसंस्थांना १५ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूतून हे प्रकरण उभे राहिले होते. या सूचनांपैकी एक आपणा सर्वांशी थेट संबंधित आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोन वेळा तज्ज्ञांकडून प्रशिक्षण द्यावे; धोक्याच्या खुणा कशा ओळखाव्यात, प्राथमिक मानसिक आधार कसा द्यावा आणि पुढे कोणाकडे पाठवावे, हे त्यात शिकवावे, असे न्यायालयाने सांगितले आहे.

सूचना स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु अशा प्रशिक्षणामागे एक गृहीतक दडलेले असते. शिक्षकाला लक्षणे ओळखता आली की विद्यार्थ्याला मदत मिळेल, हे ते गृहीतक होय. ते कितपत खरे आहे, याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. फोंडा आणि परिसरातील महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना या तपासणीसाठी दूर जाण्याची गरज नाही. या विषयातील भारतातील महत्त्वाचे संशोधन गोव्यातच झाले आहे, किंवा गोव्यातील संस्थेने अन्यत्र केले आहे.

गोव्यातील आकडे काय सांगतात?

१९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेचे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या दोन पाहण्या येथे लक्षात घ्याव्यात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पाहणीत १२ ते १६ वयोगटातील २,०४८ मुलामुलींचा अभ्यास होता. निदान करण्याजोगा मानसिक विकार त्यांपैकी १.८१ टक्के मुलांत आढळला. दुसरी पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १६ ते २४ वयोगटातील ३,६६२ तरुण-तरुणी होते. मागील तीन महिन्यांत आत्महत्येचा विचार वा प्रयत्न या स्वरूपाचे वर्तन ३.९ टक्क्यांनी सांगितले. दोन्ही पाहण्यांचा विषय आणि वयोगट वेगळा असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. तथापि दुसरा आकडा आपल्या वयोगटाचा आहे. साठ जणांच्या वर्गावर तो ताडून पाहिला तर दोघे तरी त्यात येतात.

याहून महत्त्वाची आहेत ती संबंधित कारणे. दुसऱ्या पाहणीत अशा वर्तनाशी निगडित दिसलेल्या गोष्टींत मानसिक विकाराची शक्यता होती, तशीच घरातील मारहाण होती, लैंगिक अत्याचाराचा अनुभव होता, मुलगी असणे होते आणि शाळा-महाविद्यालयात जात नसणे हेही होते. म्हणजे यातील बराचसा भाग ‘लक्षण’ या सदरात मोडतच नाही. तो घरातील परिस्थितीचा भाग आहे. डिचोली आणि सत्तरीच्या पट्ट्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकच्या हप्त्यांचा ताण किती घरांत शिरला असेल, याचा विचार करावा. तो ताण मुलाच्या चेहऱ्यावर लक्षण म्हणून उमटेलच असे नाही. पण हजेरीपटावर उमटतो. सलग गैरहजर राहणारा विद्यार्थी हाच शिक्षकाला मिळणारा पहिला इशारा असतो, आणि तो वाचण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र आपण त्या हजेरीपटाकडे परीक्षेला बसू द्यावे की नाही, एवढ्यापुरतेच पाहतो.

भाषेचा प्रश्न

प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत ‘नैराश्य’, ‘चिंताविकार’, ‘अवसाद’ असे शब्द असतात. उर्दूत त्यासाठी ‘अफ़सुर्दगी’ आहे. हे शब्द बरोबर आहेत, पण कोणताही विद्यार्थी ते घेऊन आपल्यापुढे येत नाही. आपल्या वर्गातील अनेकांच्या घरी दख्खनी, रस्त्यावर कोंकणी, वर्तमानपत्रात मराठी आणि वर्गात इंग्रजी असते. ‘दिल घबराता’, ‘जी उचाट हो गया’, ‘काही सुचत नाही’, ‘डोके जड झाले’, ‘जिवाला घोर लागला’, असे तो म्हणतो. हे दुःख तो मनात नव्हे, जिवात, काळजात, डोक्यात आणि छातीत सांगतो. बहुतेक वेळा तर ‘टेन्शन’ या एकाच शब्दात सारे आटोपते.

गोव्यातील संशोधकांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. सरकारी आरोग्य केंद्रे आणि खासगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी झालेला त्यांचा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. त्याला त्यांनी ‘मानस’ हे नाव दिले आणि स्थानिक, पदवीधर पण वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून काम करून घेतले. रुग्णाशी बोलताना रोगाच्या नावापेक्षा त्याच्या ‘टेन्शन’ला धरूनच पुढे जावे लागते, हा त्यातील धडा होता. तेव्हा शिक्षक-प्रशिक्षणाचा पहिला तास लक्षणांच्या यादीला न देता विद्यार्थ्यांच्या बोलीला द्यावा. या कामात भाषा शिकवणारे अध्यापक आपल्या संस्थेला विशेष उपयोगी पडू शकतात.

पुरावा कोणाच्या बाजूने?

आता मूळ गृहीतकाकडे वळू. युरोपातील दहा देशांतल्या १६८ शाळांत, ११,११० विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात तीन उपाय ताडून पाहिले होते : शिक्षकांना धोका ओळखण्याचे प्रशिक्षण, विद्यार्थ्यांशी थेट संवादाचे वर्ग आणि तज्ज्ञांकडून चाचणी. वर्षानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांत निश्चित घट दिसली ती विद्यार्थ्यांशी थेट बोलणाऱ्या गटात. शिक्षक-प्रशिक्षणाच्या गटात तशी घट सिद्ध झाली नाही. इंग्लंड व वेल्समधील २५ शाळांत शिक्षकांना मानसिक प्रथमोपचार शिकवण्याचा प्रयोग झाला. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले. शिक्षकांच्या वा विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यामुळे फरक पडल्याचे दिसले नाही.

परदेशी उदाहरणे आपल्याला लागू पडत नाहीत, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर ‘सेहर’ या प्रयोगात आहे. ‘संगत’ने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत तो राबविला आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रम एकच होता : प्रार्थनेच्या वेळी बोलणे, भित्तिपत्रक, तक्रारपेटी, विद्यार्थी गट आणि वैयक्तिक समुपदेशन. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकाने चालवला, काही शाळांत प्रशिक्षण दिलेल्या शिक्षकाने. समुपदेशकाच्या शाळांत नैराश्य आणि दांडगाई कमी झाली, शाळेचे वातावरण सुधारले. शिक्षकाच्या शाळांत मात्र काही फरक पडला नाही.

शिक्षक कमी पडले, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. शिक्षकाच्या हातात गुण असतात, हजेरी असते, पालकांना बोलावण्याचा अधिकार असतो. ज्याच्याकडे अंतर्गत गुण आहेत, त्याच्यापाशी मन मोकळे करणे विद्यार्थ्याला जड जाते. शिवाय शिक्षकाचे तास, परीक्षा आणि निवडणुकीची कामे प्रशिक्षणाने कमी होत नाहीत. आपल्याकडे तर लेक्चर बेसिसवरचा अध्यापक वर्ष संपले की जातो आणि त्याच्याबरोबर त्याचे प्रशिक्षणही जाते.

‘सेहर’ हे नाव इंग्रजी आद्याक्षरांतून तयार केलेले आहे. उर्दूत सीन, हे, रे ही तीन अक्षरे ‘सहर’ अशी वाचली तर पहाट होते आणि ‘सिहर’ अशी वाचली तर जादू. प्रशिक्षणाकडे आपण दुसऱ्या अर्थाने पाहतो, अडचण तिथे आहे.

आपल्या महाविद्यालयांनी काय करावे?

न्यायालयाच्या सूचनांतील दुसरा भाग या संदर्भात अधिक मोलाचा आहे. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असे त्या सांगतात. प्रशिक्षण देणे सोपे आणि स्वस्त असल्याने संस्था ते करून मोकळ्या होतील आणि नेमणूक मागे पडेल, ही भीती निराधार नाही. म्हणून पुढील चार गोष्टींचा आग्रह धरावा, असे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, पाठवण्याचा मार्ग आधी ठरावा, प्रशिक्षण नंतर व्हावे. फोंड्याहून बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जायचे तर घरच्यांचा एक रोजगार बुडतो. कोणाला भेटायचे, कोणत्या दिवशी जायचे, सोबत कोण जाईल, हे लिहून ठेवलेले असावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे, तो वर्गात आणि ओळखपत्रावर छापावा.

दुसरी, शिपाई, ग्रंथालयातील मदतनीस आणि कार्यालयातील कारकून यांना प्रशिक्षणात प्रथम स्थान द्यावे. त्यांच्या हाती गुण नसतात, म्हणून विद्यार्थी त्यांच्याशी बोलतात.

तिसरी, गुप्ततेच्या मर्यादा स्पष्ट असाव्यात. ऐकलेली गोष्ट स्टाफरूममध्ये जाता कामा नये. परंतु १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन म्हणूनच देऊ नये.

चौथी, विद्यार्थ्यांशी थेट बोलावे. युरोपातील प्रयोगाचा धडा तोच आहे. वर्षाच्या सुरुवातीला समुपदेशकाने प्रत्येक वर्गात जाऊन आपण कोण, कुठे बसतो, काय करतो, हे विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगितले तर विद्यार्थी स्वतःहून येण्याची शक्यता वाढते.

समारोप

घरी कोणी नजर काढील, कोणी दर्ग्यावर किंवा देवळात नेईल. त्या सांत्वनाची थट्टा करण्याचे कारण नाही. त्याच्या जोडीने उपचारही मिळावा, एवढे पाहावे. शिक्षकाने निदान करू नये. त्याने गैरहजेरीची दखल घ्यावी, पाच मिनिटे मध्ये न बोलता ऐकावे आणि योग्य माणसापर्यंत विद्यार्थ्याला पोहोचवावे. प्रशिक्षणाचे यश किती शिक्षक बसले यावर मोजू नये. वर्षअखेर किती विद्यार्थी समुपदेशकापर्यंत पोहोचले आणि त्यांपैकी किती पुन्हा वर्गात येऊन बसले, हा आकडा प्रत्येक संस्थेने नावे न देता आपल्या वार्षिक अहवालात द्यावा.