ऐकणारा चेहरा

नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. त्याआधी आमचं कोरीट आणि शिरपूर एकाच धुळे जिल्ह्यात. त्यामुळे अभिनेत्री स्मिता पाटील म्हटलं की आमच्याकडे 'शिरपूरच्या शिवाजीरावांची पोर' हीच ओळख आधी निघते.

जन्म मात्र पुण्यातला, १७ ऑक्टोबर १९५५चा. वडील समाजवादी कार्यकर्ते, पुढे मंत्री. आई विद्याताई समाजसेविका. राष्ट्र सेवा दलात वाढलेली ही मुलगी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्यांना बसायची, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती नोकरीच. तिथे हातवारे नाहीत, रडणं-हसणं नाही. समोर कॅमेरा आणि आपला चेहरा. श्याम बेनेगलांनी 'चरणदास चोर'मध्ये (१९७५) तिला घेतलं, तोवर कॅमेऱ्याची भीड चेपलेली होती.

'निशांत', 'मंथन' झाले आणि १९७७ मध्ये 'भूमिका' आला. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. स्मिता तेव्हा जेमतेम एकवीस-बावीसची! तिने साकारलेली उषा नवऱ्याशी तोंडाला तोंड देते, घर सोडते, शेवटी काळे नावाच्या गृहस्थाच्या वाड्यात येऊन स्थिरावते. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू. वाटतं, हिला सुख मिळालं. मग एक दिवस काळ्यांच्या मुलाला जत्रेला न्यायचं मनात येतं आणि कळतं, या वाड्याच्या बाईने बाहेर पडायचं नसतं. पुढे वाडा सोडताना काळ्यांची अंथरुणाला खिळलेली थोरली बायको तिला चार शब्द सुनावते. संवाद त्या बाईचे आहेत, प्रसंग मात्र स्मिताचा होतो. ऐकता ऐकता आपलं सगळं आयुष्य तिला एकदम उमगतं, आणि ते आपल्याला तिच्या डोळ्यांत वाचता येतं. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे बघत राहावंसं वाटणं, ही फार मोठी कमाई आहे. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो रास्तच.

आणि लगोलग जब्बार पटेलांच्या 'जैत रे जैत'मधली चिंधी! ठाकरवाडीतली, नको असलेल्या नवऱ्यापासून काडीमोड घेणारी, मनात भरलेल्या नाग्याच्या मागे उघडपणे जाणारी. इथे परवानगी मागायचा प्रश्नच नाही. चालणं रांगडं, मान ताठ, नजर सरळ. चिंधी पाहताना उषा एकदाही आठवत नाही.