वारली चित्रातले झाड कुणाचे?

प्रस्थापित कलासमीक्षेला वारली चित्रे आवडतात. निसर्गाच्या कुशीत रमलेला निष्पाप आदिवासी तिला त्यांत दिसतो. हे कौतुक तपासून घेतले पाहिजे. ज्याला निष्पाप म्हणायचे त्याला हक्क मागणारा माणूस मानायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

मुळात ही कला बायकांची. लग्नघरी सारवलेल्या कुडावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, धवलेरी गाणी म्हणते आणि चौकात पालघट देवी बसते. ती झाडाझुडपांची, उगवण्याची देवी. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी १९७० नंतरच्या काळात ही रेषा भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या चित्रांत झाड माणसाहून कितीतरी मोठे असते. दोन त्रिकोणांचा माणूस त्याच्यापुढे मुंगीएवढा. पण झाड रिकामे नसते. कुणी ताडीसाठी चढलेला असतो, कुणी लाकूड तोडतो, कुणी मोळी वाहतो. मध्यमवर्गीय कवितेतला माणूस झाडाखाली विसावतो; वारली चित्रातला माणूस झाडावर राबतो. झाडाशी असलेले त्याचे नाते श्रमाचे आहे, म्हणूनच त्यात भक्तीही आहे.

या श्रमाचा मोबदला कुणी खाल्ला, हे मात्र दिवाणखान्यात टांगलेले चित्र सांगत नाही. याच मुलखात जमीनदार वारल्यांकडून वेठ घेत. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाशेजारी ही चित्रे ठेवून पाहावीत. मग तारप्याभोवतीचा नाच नुसता आनंदाचा राहत नाही; वेठीतूनही जपलेल्या माणूसपणाचा तो पुरावा ठरतो.

आज हीच रेषा साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आहे. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. त्या आरेतही वारल्यांचे पाडे आहेत. शहराला वारल्याने काढलेले झाड हवे आहे. वारल्याच्या दारातले झाड मात्र त्याच्या आड येते.

सौंदर्य कुणाच्या घामावर उभे आहे, हे दलित साहित्याने मराठी वाचकाला विचारायला लावले. वारली चित्रापुढे उभे राहतानाही तेच विचारावे लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींचा जंगलावरील हक्क मान्य केला आहे. त्या हक्काविषयी मूग गिळून बसणारी समीक्षा चित्राची कितीही तारीफ करो, ती झाडाच्या बाजूची नाही आणि माणसाच्याही नाही.