हवा वगळलेली चित्रे

१७ डिसेंबर १९०३ रोजी उत्तर कॅरोलायनाच्या वालुकामय किनाऱ्यावर ऑर्व्हिल राइट आपल्या यंत्रावर पालथा पडून ते उचलले जाण्याची वाट पाहत असता, त्यानेच आधी तिकाटण्यावर नेम धरून ठेवलेल्या कॅमेऱ्याचा रबरी फुगा ज्या इसमाने दाबला, तो जॉन डॅनियल्स छायाचित्रकार नव्हता. जहाजे फुटून संकटात सापडलेल्यांचे प्राण वाचविण्यासाठी त्या किनाऱ्यावर बसविलेल्या सरकारी ठाण्यातला तो एक नोकर होता. विमानाच्या छायाचित्रणाचा आरंभ अशा रीतीने, हौशीही म्हणता येणार नाही अशा माणसाच्या हातून झाला. आणि तरीही पुढील शंभराहून अधिक वर्षांत त्या चित्रावर मात करणारी चित्रे फार थोडी निघाली, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा सेकंद आणि एकशेवीस फूट एवढेच ते उड्डाण. पण त्या काचेवर काय काय उमटले आहे ते पाहावे. यंत्र जमिनीपासून जेमतेम दोन-तीन फूट वर आहे, पंखाला आधार देत आलेला विल्बर आता हात सुटल्यामुळे उजवीकडे अर्धवट थबकल्यासारखा दिसतो, अग्रभागी पंख टेकविण्याचे बाक तसेच पडले आहे आणि वाळूत पावलांचे ठसे आहेत. यंत्राने चित्राचा मोठासा भाग व्यापलेला नाही. उरलेली जागा वारा, वाळू आणि मनुष्याचे आश्चर्य यांची आहे.

हे चित्र एकाच वेळी दाखलाही आहे आणि कलाकृतीही. दाखल्याचे मोल कळण्यास आपल्याला दूर जावयास नको. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. परंतु विश्वसनीय समकालीन पुराव्याच्या आणि छायाचित्राच्या अभावी ती कथाच राहिली, आणि अभिमानाने पुरावा निर्माण होत नसल्यामुळे ती पुढेही कथाच राहणार. तेव्हा दाखल्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. माझी तक्रार एवढीच की, या कलेच्या आजवरच्या वाटचालीत दाखल्याने चित्राला हळूहळू घराबाहेर काढले आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात तसे नव्हते. इंग्लंडचा चार्ल्स ब्राउन हा वृत्तपत्रीय धंद्यातून आलेला छायाचित्रकार. एका विमानातून दुसऱ्या विमानाचे चित्र घेण्याच्या कामात त्याने आयुष्य वेचले, आणि त्याचा संग्रह आज हेंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाच्या दप्तरी आहे. त्याच्या चित्रांतले ढग ही केवळ पार्श्वभूमी नसते. विमान त्यांच्यावरून जात आहे, त्यांच्यामुळे त्याची उंची कळते, आणि ते नसते तर ते यंत्र टेबलावर ठेवलेला नमुना वाटले असते, याची त्याला पुरती जाणीव होती. फ्रान्सचा छायाचित्रकार लार्तिग याने तर त्याही आधी, पोरवयातच, भाऊ आणि मित्र यांच्या उडण्याच्या खटाटोपांची चित्रे घेताना, जमिनीवरून धावणाऱ्या माणसांकडे यंत्राइतकेच लक्ष दिले होते.

पुढे नोंदकर्त्यांचा, म्हणजे ज्यांना आज आपण स्पॉटर म्हणतो त्यांचा, संप्रदाय वाढला. शेपटीजवळ रंगविलेला नोंदणीक्रमांक वहीत टिपणे ही त्यांची मूळ साधना, आणि कॅमेरा हा त्या वहीचा विस्तार. कोडॅक्रोमच्या पारदर्शिका देशोदेशींच्या हौशींत टपालाने बदलल्या जात. त्या विनिमयात नक्कल चालत नसे, कॅमेऱ्यातून निघालेली अस्सल पट्टीच लागे, म्हणून एकाच विमानाच्या दहा-दहा पट्ट्या काढून ठेवण्याची रीत पडली. याच देवघेवीतून एक आदर्श ठरला: सूर्य पाठीशी, विमान बाजूने अथवा किंचित समोरून, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, क्रमांक वाचता येईल असा, मध्ये खांब नाही, माणूस नाही, सावली नाही. कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ साली थांबले, परंतु तो आदर्श मात्र आंतरजालावरील प्रचंड संग्रहांनी जसाच्या तसा दत्तक घेतला. तेथे परीक्षक बसलेले असतात. क्षितिज वाकडे, विमान मध्यबिंदूपासून सरकलेले, प्रकाश मंद, असे शेरे मारून ते चित्रे परत पाठवितात. त्यांच्या काटेकोरपणामुळे विमान-इतिहासाच्या अभ्यासकाची उत्तम सोय झाली हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण अभ्यासकाची सोय हा रसिकाचा निकष होऊ लागला, की फ्रँकफुर्ट, दुबई आणि मुंबई येथली चित्रे शेजारी ठेवून कोणते कोठले हे ओळखता येईनासे होते. आणि तसे ते आज खरोखरच ओळखता येत नाही.

या संप्रदायाने जपलेली एक गोष्ट मात्र शुद्ध कलेच्या कक्षेत येते, आणि ती म्हणजे पंख्याचा विचार. नाशिक-कोल्हापूरकडे जाणाऱ्या एटीआर ७२ जातीच्या विमानाचा सहा पात्यांचा पंखा उड्डाणाच्या वेळी मिनिटाला सुमारे बाराशे फेरे घेतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तर तेवढ्यात पाते जेमतेम सात अंश फिरते, आणि चित्रात पंखा थांबलेला, विमान जणू अधांतरी टांगलेले दिसते. तेच शटर एकशेपंचविसाव्या भागावर आणले, तर पाते जवळजवळ साठ अंश सरकते, म्हणजे पुढच्या पात्याची जागा गाठते, आणि एक तलम वर्तुळ भरून येते. परंतु तेवढ्या अवधीत ताशी दोनशे किलोमीटर वेगाने चाललेले विमानही दीड फूट पुढे गेलेले असते! तेव्हा छायाचित्रकाराने कमरेपासून वळत त्या वेगाशी आपला वेग जुळवावयाचा, ज्याला या मंडळींत पॅनिंग म्हणतात. आणि ते साधले नाही, तर वर्तुळ भरते पण विमान फरकटते. ज्यात हातांची, डोळ्यांची आणि श्वासाची तालीम लागते, आणि ज्याचे फळ म्हणजे गतीचा प्रत्यय, त्याला कला नाही तर काय म्हणावे?

जेट विमानाने ही सोय हिरावून घेतली. त्याचे फिरणारे सारे आत दडलेले. बाहेरून ते उभे असताना आणि उडत असताना सारखेच गुळगुळीत. म्हणून त्याची गती दाखवावयाची तर हवाच दाखवावी लागते: पंखावर क्षणभर जमणारे पांढरे बाष्प, पंखाच्या टोकापासून निघणारी पीळदार रेघ, इंजिनामागे थरथरणारा आसमंत. आणि येथे मुंबईकर हौशीला निसर्गाने जे दिले आहे त्याचा हेवा युरोपातल्या कोणीही करावा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून पूर्वेकडून उतरतात. हवेत पाणी इतके, की पंखाखालून निसटणारा प्रत्येक भोवरा आपले रूप प्रकट करतो. खाली जरीमरीच्या टेकडीवरची पत्र्याची छपरे आणि त्यांवरचे निळे प्लास्टिक. परंतु आमचे हौशी हे चार महिने कॅमेरा कपाटात ठेवतात, कारण प्रकाश मंद म्हणून चित्र परत येते. त्यांना हवे असते हिवाळ्यातले कोवळे ऊन. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तर मुंबईत सूर्य ऐन माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, विमानाचे पोट काळेठिक्कर पडते, आणि परक्या अक्षांशांवर बेतलेला तो आदर्श आपल्या मुलखाला मुळातच लागू नाही हे उघड होते; तथापि, ते मान्य करण्यापेक्षा स्वस्थ बसणे लोकांना सोयीचे वाटते.

हाँगकाँगच्या काय टाक विमानतळाची उदाहरणे पाहिली म्हणजे या औदासीन्याची खंत अधिकच वाटते. तो १९९८ च्या जुलैत बंद झाला. पण काउलूनच्या गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आणि अँटेनांच्या वर, एका पंखावर कललेले जंबो जेट दाखविणारी तिथली चित्रे आजही जगभर पाहिली जातात. त्यांत शहर आहे म्हणून विमान आहे. उलट टोकाला अमेरिकेचा जेफ्री मिल्स्टीन. मूळचा वास्तुविशारद असलेला हा गृहस्थ धावपट्टीच्या तोंडाशी उभा राहून डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचे पोट टिपतो आणि आकाश साफ काढून टाकतो. येथेही हवा नाही, असा आक्षेप कोणी माझ्यावरच उलटवील. परंतु त्याने ती जाणूनबुजून काढली आहे आणि विमानाला फुलपाखराच्या नमुन्यासारखे मांडले आहे. सवयीने हवा विसरणे आणि विचाराने ती वगळणे यांत महदंतर आहे.

व्यवसायाची कहाणी थोडक्यात आटपते, कारण व्यवसाय म्हणून ही कला फार थोड्यांना पोसते. विमाने बांधणारे कारखाने, हवाई दले, विमान कंपन्या आणि मूठभर नियतकालिके हे तिचे आश्रयदाते. त्यांतही, हौशी लोक नावापुरत्या श्रेयावर चित्रे देऊ लागल्यापासून, नियतकालिकांचा दर कोसळला. टिकले ते ज्यांची जागा हौशी घेऊ शकत नाहीत ते, म्हणजे जपानच्या कात्सुहिको तोकुनागासारखे लढाऊ विमानाच्या मागच्या आसनावरून, शरीराच्या वजनाच्या अनेकपट भार सोसत, चित्र घेणारे. या कामाची किंमत ८ जून १९६६ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर कळली. जनरल इलेक्ट्रिकची इंजिने बसविलेली पाच विमाने केवळ जाहिरातीच्या चित्राकरिता एका रांगेत उडत होती, आणि क्ले लेसी चालवीत असलेल्या लिअरजेटमधून त्यांचे चित्रण चालले होते. चित्रण आटपत आले असता, त्यांपैकी लहान एफ-१०४ हे विमान रांगेतल्याच प्रचंड एक्सबी-७० ला धडकले आणि जो वॉकर व कार्ल क्रॉस हे दोन वैमानिक मृत्यू पावले. अपघाताच्या आधी घेतलेले ते रांगेचे चित्र विलक्षण सुंदर आहे. पुढचे ठाऊक असल्यामुळे मला ते पाहवत नाही.

राहता राहिली सरकारची गोष्ट. २००१ च्या नोव्हेंबरात ग्रीसमधील कलामाटाच्या लष्करी तळापाशी बारा ब्रिटिश व दोन डच हौशींना हेरगिरीच्या संशयावरून पकडले, पुढल्या वर्षी शिक्षा ठोठावली आणि त्याच वर्षाअखेर अपिलात त्या सर्वांची मुक्तता झाली; नोंदवहीचा छंद ही काय चीज आहे हेच त्या न्यायासनाला प्रथम समजेना. आपल्याकडे १९३७ च्या विमान-नियमांतील तेराव्या कलमाने सरकारी विमानतळावर वा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून चित्र घेण्यास मनाई केली. पुढे प्रवाशांना काही मुभा मिळाली; परंतु पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी हे अनुक्रमे हवाई दलाचे आणि नौदलाचे तळ असल्यामुळे तेथे ती मुभा लागू नाही, आणि असू नये हेही मी समजू शकतो. मात्र त्याचा कलेवर होणारा परिणाम नमूद करावयास हवा. सुखोई विमानाचा गडगडाट पुणेकर वर्षानुवर्षे गच्चीवरून ऐकत आला आहे; तथापि, त्या विमानाची जी उत्तम चित्रे माझ्या पाहण्यात आहेत ती सारी बेंगळूरच्या येलहंका तळावरील प्रदर्शनातली, रिकाम्या निळ्या आकाशातली. पुण्याच्या गच्च्या, त्यांवरच्या टाक्या आणि वर मान करून पाहणारी पोरे यांच्यासह ते विमान दाखविणारे एकही चित्र मला अद्याप आढळलेले नाही. आणि ते परवानगीने कसे काढता येईल याची तजवीज कोणा छायाचित्रकाराने अर्ज करून मागितल्याचेही ऐकिवात नाही.